मागे पाऊल न टाकणारा मिलोराद

मिलोरादला पडायला काही कारण लागत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. सपाट फरशीवर, भर दुपारी, दारूचा थेंब न घेता तो पडतो. पडला की मला हाक मारतो. हाक कसली, आवाज इतका बारीक झालाय त्याचा की शेजारच्या खोलीत चहाचं पाणी उकळत असलं तरी ऐकू येत नाही. मग तो पडल्या पडल्या बुटाच्या टाचेने भिंतीवर ठोकत बसतो. मी म्हणतो, "आलो रे बाबा, आलो. भिंत नको पाडूस, डोक्यावर अख्खी टेकडी आहे आपल्या."

मी लेफ्तेरी. जातीचा ग्रीक. मिलोराद सर्ब, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीत ओपलचे रंगीत दगड शोधायला दुनियाभरची माणसं आली, त्यातले आम्ही दोघे. एकाच खाणीत अर्ध्या-अर्ध्या वाट्याने आम्ही उभा जन्म काढला. इथे लग्नं एवढी टिकत नाहीत. त्याचं टिकलं नाही. बायको धुळीला कंटाळून लहान मुलीला घेऊन अ‍ॅडलेडला गेली, ती तिकडेच राहिली आणि तिकडेच वारली. माझं लग्न व्हायचंच राहून गेलं. त्याचं मनगट मोडलं तेव्हा हाड सांधेपर्यंत म्हणून मी माझी बॅग घेऊन त्याच्या टेकडीच्या पोटातल्या घरात राहायला आलो. हाड सांधलं. बॅग अजून पलंगाखाली आहे.

पण आज तो कसा आहे त्यावरून माणूस कळायचा नाही. मी पहिल्यांदा बसमधून उतरलो तेव्हाचा मिलोराद बघायला हवा होता. दाराएवढा रुंद, मिशा भरघोस, आणि आवाज असा की दोन टेकड्यांपलीकडचा माणूस दचकावा. मला काम हवं होतं, त्याला दोर ओढायला कुणीतरी हवं होतं. पहिल्याच सकाळी मी दोर गुंडाळत होतो, आणि गुंडाळता गुंडाळता दोन पावलं मागे सरकलो. तर हा ओरडला, "थांब!"

मी थांबलो. तसा आवाज ऐकून कुणीही थांबलं असतं. तो सावकाश चालत आला, माझे खांदे धरून मला जागच्या जागी वळवलं आणि खाली बोट दाखवलं. माझ्या टाचेमागे वीतभर जमीन, आणि त्यापुढे कुणीतरी खणून सोडून दिलेला खड्डा, विहिरीसारखा सरळ खाली गेलेला. तळ दिसत नव्हता. मग त्याने मला एक सणसणीत थोबाडीत दिली.

"आधी वळायचं," तो म्हणाला. "मग बघायचं. मग चालायचं. मागे पाऊल टाकायचं नाही, कधीच नाही. मागे डोळे असतात का तुला?"

"नाही."

"जेवलास का सकाळी?"

हा मिलोराद. थोबाडीत मारून जेवायला विचारणारा. त्या दिवशी त्याने मला राजम्याची उसळ आणि पाव खाऊ घातला, आणि तेव्हापासून मी मागे पाऊल टाकलेलं नाही. नुसता मीच नाही, आमचं सगळं जुनं खाणगाव असंच आहे. मोकळ्या रानात खड्डेच खड्डे, कुणी बुजवत नाही. म्हणून कुणी "थांब" म्हणून ओरडलं की माणूस आहे त्या जागी खांब होतो. पाय उचललेला असेल तर उचललेलाच ठेवतो. एकदा क्लबात कुणीतरी चेष्टेने ओरडला, तर अर्धा क्लब हातात ग्लास धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. नवीन पोरांना कामावर घेतलं की मिलोराद आधी हा एक धडा द्यायचा. बाकी काही शिकवायचा नाही. म्हणायचा, बाकीचं चुकलं तर फार तर गरीब राहाल.

आम्ही गरीबच राहिलो म्हणा. एकदा चांगला माल लागला होता, लाल-हिरव्या ठिणग्यांचा. त्यात मुलीचं, मिर्यानाचं, शिक्षण झालं. बाकीचं सगळं डिझेल होऊन परत त्याच जमिनीत गेलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. "जमिनीचंच होतं," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली उतरला.

दुखण्याची सुरुवात पत्त्यांपासून झाली, हे सांगितलं तर हसाल. मिलोरादला पत्ते कधीच लपवता यायचे नाहीत. चांगली पानं आली की मिशा हलायच्या. पण एका वर्षी तो अचानक जिंकायला लागला. चेहऱ्यावर काहीच दिसेना. आम्ही म्हटलं, म्हातारा पक्का झाला. पक्का कसला, चेहरा आखडत चालला होता त्याचा. मग दगड निवडताना हात थरथरायला लागला. मग पायांची फरपट. हॉस्पिटलातली नर्स केरी एक दिवस त्याला चालताना बघून म्हणाली, "मिलोराद, अ‍ॅडलेडला दाखवून ये." बसने गेलो, आलो, जीव मेटाकुटीला आला, आणि नाव कळलं, पार्किन्सन्स. त्यानंतरचे डॉक्टर सगळे स्क्रीनवरच.

तेव्हापासून माझा दिवस त्याच्या गोळ्यांवर चालतो. गोळी वेळेवर, जेवण त्यानंतर. गोळी उशिरा झाली तर साहेब पलंगावर लाकडासारखे, आणि मांस गोळीबरोबर खाल्लं तर गोळी लागूच होत नाही. शर्टाची बटणं मी लावतो. बुटाचे बंद मी बांधतो. अंघोळ मी घालतो, आणि त्यात तो मलाच शिकवतो, "कानामागे." मी म्हणतो, "तुझी आई लागून गेलोय का मी?" तो म्हणतो, "आई तुझ्यापेक्षा बरी घालायची." असा संसार.

पडणं मात्र वाढत गेलं. मनगटानंतर कपाळाला टाके पडले, आणि मिर्याना अ‍ॅडलेडहून गाडी मारत आली. गुणी पोरगी आहे, बापावर जीव आहे तिचा. टाके बघून ती आधी रडली, मग डोळे पुसून माझ्यासमोर बसली.

"लेफ्तेरीकाका, मी स्पष्ट सांगते. आता आणखी एकदा बाबा पडले की मी त्यांना घेऊन जाणार. माझ्या घराजवळ वृद्धांची चांगली सोय आहे. मी बघून आलेय."

"मला इथून आडवंच न्यावं लागेल," मिलोराद म्हणाला.

"असेच पडत राहिलात तर आडवंच न्यावं लागेल, बाबा."

बाप कोण आणि लेक कोण, दोघांचा हट्ट सारखाच. मी मध्ये बसून चहा ढवळत राहिलो. पण त्या रात्रीपासून मिलोरादच्या मनात एकच गोष्ट होती, या घरातून जायचं नाही. हे घर त्याने स्वतःच्या हाताने टेकडीत कोरलं होतं. भिंतीवर त्याच्या मशीनचे ओरखडे अजून आहेत, तो त्यांच्यावरून हात फिरवत चालतो.

मग केरीनेच तोडगा काढला. म्हणाली, पडू नये म्हणून शिकवणारी एक फिजिओथेरपिस्ट आहे अ‍ॅडलेडला, ब्रॉनविन नावाची, दर मंगळवारी स्क्रीनवर भेटेल. टॅबही दिला. आता टेकडीच्या पोटात सिग्नल कुठला यायला? वर अँटेना लावून, हवेच्या पाइपातून वायर खाली सोडून मी ती सोय केली. वर चढताना माझी कंबर धरली, पण ते कुणाला सांगतो. टॅब साखरेच्या डब्याला टेकवला, आणि पहिल्या मंगळवारी स्क्रीनवर ब्रॉनविन आली. गोल चेहरा, केस कसेतरी वर बांधलेले, आणि तीही बिचारी सकाळपासून दहा जणांशी बोलून दमलेली.

"मला तुमचं फक्त पोट दिसतंय," ती म्हणाली.

"तेवढंच बघण्यासारखं उरलंय," मिलोराद म्हणाला.

पोरगी हसली आणि कामाला लागली. टॅब हातात धरून मी तिला घरभर फिरवलं. तिने पायपुसणी उचलायला लावली, सपाता बंद केल्या, अंघोळीच्या जागी दांडा बसवायला सांगितला. दारात मिलोरादचे पाय चिकटतात हे तिला दिसलं. उंबरठा आला की त्याचे पाय जमिनीला जडून जायचे, आणि वरचं अंग पुढे निघालेलं असायचं. तिने दारासमोर जमिनीवर पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. "दारातून जायचंय असं मनात आणूच नका. एकेक पट्टी ओलांडायची, मोठ्याने मोजत." आणि आश्चर्य सांगतो, चाललं ते. येदान, द्वा, त्री, असं सर्बीत मोजत म्हातारा दारातून पार. मी त्याच्या बाजूला, जरासा मागे, खाणीतला जुना पट्टा त्याच्या कमरेला बांधून त्यावर हात ठेवून. दंडाला धरून ओढायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं.

वादळी वाऱ्याच्या दिवशी चित्र अडकायचं. ती तोंड उघडून तशीच थांबलेली, इकडे दारात हा तसाच थांबलेला, आणि मधे मी. कुणाला आधी हलवू?

पण हे सगळं पुढे जाण्याचं झालं. मिलोराद पडायचा तो मागे. आणि नेहमी फ्रीजपाशी, नाहीतर कपाटापाशी. एका मंगळवारी ब्रॉनविनने त्याला फ्रीज उघडून दाखवायला सांगितलं. आमचा फ्रीज जुनाट, दार घट्ट. याने ओढलं, दार एकदम सुटलं आणि हा मागे कलला. पट्ट्यावर माझा हात होता म्हणून वाचला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "दाराबरोबर अंग मागे येतं. अशा वेळी आपण सगळे नकळत एक पाऊल मागे टाकतो आणि सावरतो. तुमचं ते नकळतचं पाऊल आजाराने नेलंय, मिलोराद. आता ते ठरवून टाकायचं. तोच सराव करू. एक मोठं पाऊल, मागे."

"मागे नाही," मिलोराद म्हणाला.

"म्हणजे?"

"मी मागे जात नाही."

"भीती वाटते का? वाटणारच."

"भीती? पोरी, ज्यांना भीती नव्हती ते सगळे वरच्या दफनभूमीत आहेत."

मग मी तिला खड्ड्यांचं सांगितलं. थोबाडीतली सुद्धा सांगितली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "मला कळतंय," म्हणाली, "बाहेर तुमचंच बरोबर आहे. पण स्वयंपाकघरात खड्डा नाहीये, मिलोराद." तिने मग फ्रीजला बाजूने उभं राहून उघडायला शिकवलं, ते त्याने केलं. पण कपाट आहे, संडासाचं दार आहे, दारावर येणारा माणूस आहे, सगळ्यांना बाजूने कसं भिडणार? ती दर मंगळवारी विचारायची, "आज एक पाऊल मागे?" हा दर मंगळवारी नाही म्हणून मान हलवायचा. मला असा संताप यायचा! घरात राहायचं आहे म्हणतोस, आणि त्यासाठी एक पाऊल टाकत नाहीस? मी आरडाओरडा केला, दोन दिवस अबोला धरला. पण ज्याची बटणं आपल्याला लावायची असतात त्याच्याशी अबोला धरता येत नाही, त्यामुळे तोही फुकट गेला.

शेवटी एकदा तो तयार झाला. का झाला ते त्यालाच माहीत. मिर्यानाचा फोन येऊन गेला होता, ती तिकडच्या वृद्धाश्रमातल्या खोलीबद्दल काहीतरी बोलली होती, त्याचा परिणाम असेल. मंगळवारी टॅबसमोर उभा राहिला, फ्रीजच्या दाराला हात घातला आणि ओढलं. अंग मागे आलं. मी बघत होतो, त्याची उजवी टाच खरंच उचलली गेली, मागे निघाली, आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून सगळ्या ताकदीनिशी बाहेर पडलं,

"थांब!"

आणि मिलोराद थांबला. एक पाय हवेत, अंग मागे कललेलं, तसाच. खांबासारखा आडवा माझ्या अंगावर आला, मी त्याच्याखाली, आणि टेबलाला धक्का लागून टॅब, डबा, सगळं खाली.

स्क्रीनवर तिला बहुतेक फक्त छत दिसत असणार. "मिलोराद! लेफ्तेरी! कोणीतरी बोला!"

माझ्या छातीवरून मिलोरादचा बारीक आवाज आला, "साखर सांडली का?"

डोकं आपटलं नव्हतं, हाड मोडलं नव्हतं. माझ्यावर पडला म्हणून. कुशीवर वळ, गुडघा टेक, खुर्ची धर, असं सांगत तिने त्याला उठवलं. मला कुणी उठवलं नाही, मी टेबलाचा पाय धरून कसाबसा उठलो. मग ती म्हणाली, "लेफ्तेरी, तुम्ही आत्ता काय ओरडलात?"

"थांब म्हणालो."

"का?"

"का म्हणजे? तो मागे जात होता!"

आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं. याआधी जोरात पडला तेव्हाही मी ओरडलोच होतो. मनगटाच्या वेळी बाहेरून आलो होतो, तो कपाटापाशी डुलताना दिसला, ओरडलो. कपाळाच्या वेळीही. तो सावरायला पाय उचलायचा आणि मी त्याला खिळवून टाकायचो. मी तिथेच साखरेत बसलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी मिलोरादला विचारलं.

"काय सांगू? तू थांब म्हणालास, मी थांबलो," तो म्हणाला. "बरोबरच आहे ना ते."

ब्रॉनविन म्हणाली, "माझंही चुकलं. इतके आठवडे मी फक्त यांच्याकडे बघत होते, तुमच्याकडे बघितलंच नाही." मग सरळ सांगितलं, "हे पडणं मी मिर्यानाला सांगणार. लपवणं मला जमणार नाही. पण का पडले तेही सांगेन, आणि थोडी मुदत मागून घेईन. तोवर या घरात 'थांब' हा शब्द बंद."

मिर्याना फोनवर माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "एक महिना, काका," एवढंच म्हणाली.

तो महिना मी विसरणार नाही. त्याला पाऊल टाकायला शिकायचं होतं आणि मला ओरडायला. 'थांब'च्या जागी 'टाक!' म्हणायचं, मोठ्याने, एकदाच. सोपं वाटतं ना? तोंडाशी आलेला शब्द गिळून दुसरा काढायचा, आणि तेवढ्यात माणूस पडलेला. मी चुकायचो. पलंगाकडे पाठ करून सराव चालायचा म्हणून चुकलो तरी तो गादीवर पडायचा. तिथून माझ्याकडे बघून म्हणायचा, "काय रे, मला मारून माझा अर्धा वाटा घ्यायचाय का?"

"तुझ्या वाट्यात काय आहे? भोकं!"

"भोकं का होईना, माझी आहेत."

पहिलं खरं पाऊल त्याने टाकलं तो दिवस आठवतो. पाऊल टाकायच्या आधी तो मान वळवून मागे बघत होता, आणि मान वळवली की तोल जात होता. ब्रॉनविन म्हणाली, "बघायचं नाही, मिलोराद."

"न बघता?" त्याला ते भयंकर वाटलं. सांगणारीच वेडी आहे असं वाटलं असणार.

मी म्हटलं, "मिल्या, मी बघतोय ना. मागे मी आहे. खड्डा नाही, मी आहे. टाक."

त्याने टाकलं. मोठं, दणकून, मागे. उभा राहिला. चेहरा तसाच दगडी, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि मिशीत गेलं. ब्रॉनविन तिकडे टाळ्या वाजवत होती. मला भरून आलं, आणि लगेच रागही आला, कारण त्याच्या पावलाने माझी कंबर भिंतीवर आदळली होती.

मग महिन्याच्या शेवटी तो मंगळवार आला. स्क्रीनचे दोन भाग, एकात ब्रॉनविन, दुसऱ्यात मिर्याना. मी मिलोरादची दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने गोळी वेळेवर घेतली होती. दारातून पट्ट्या मोजत गेला, आला. खुर्चीत बसला, उठला. मग फ्रीजपाशी गेला, सरळ समोर उभा राहिला आणि दार ओढलं. अंग मागे आलं, आणि मी तोंड उघडायच्या आत पाऊल पडलं. दार उघडं, म्हातारा उभा, हातात लोणच्याची बाटली.

"टाक म्हणायला विसरलास," तो मला म्हणाला.

मिर्याना रडायला लागली. "ठीक आहे, बाबा," म्हणाली, "राहा. इथेच राहा. मी काही म्हणणार नाही." मिलोराद बाटली टेबलावर ठेवून भिंतीवरच्या ओरखड्यांवर हात टेकवून उभा राहिला. जिंकला होता तो. मी खुर्चीत बसलो, आणि किती दिवसांनी श्वास सोडला कुणास ठाऊक.

"लेफ्तेरी," ब्रॉनविन म्हणाली, "आता तुम्ही उठून दाखवा."

"मी? मला कुठे काय झालंय?"

"हात छातीशी बांधून, कशालाही न धरता. एकदाच उठा."

"हे बघ पोरी, पेशंट तो आहे."

"त्या दिवशी टॅब खाली पडला होता ना, तेव्हा तुम्ही कसे उठलात ते मला ऐकू आलं होतं. त्यानंतर मी दर मंगळवारी बघतेय. उठा ना."

मी हात बांधले. पुढे झुकलो. जोर केला. पुन्हा जोर केला. मांड्या थरथर कापायला लागल्या, आणि मी होतो तिथेच. खरं सांगतो, मला वाटलं खुर्चीचंच काहीतरी बिघडलंय. तिसऱ्यांदा जोर केला. मिर्यानासमोर अशी शोभा झाली, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "थकलोय मी, पोरी. फार थकलोय."

हे मी याआधी कुणापुढे बोललो नव्हतो. स्वतःशीसुद्धा नाही.

"काका," मिर्याना म्हणाली.

मिलोरादने भिंतीवरचा हात काढला. वळला, पट्ट्या मोजत टेबलापर्यंत आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या चेहऱ्यावरून काही कळायचं म्हणजे अशक्य.

"हा मला उठवतो ना सकाळी," तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "तेव्हा कोण कापतंय, हा की मी, तेच कळत नाही. मला वाटायचं मीच."

"गप रे," मी म्हटलं. "तुझं ठरलंय राहायचं. विषय संपला."

"माझं ठरलंय," तो म्हणाला. "तुझं कुणी विचारलं?" मग टॅबकडे जरा वाकला. "मिर्याना, तिथे ती खोली आहे म्हणतेस, ती दोघांना मिळते का?"

"बाबा?"

"विचारून बघ. एकट्याला नको आहे मला."

"अरे, मला विचारलंस का?" मी ओरडलो. "मी ग्रीक माणूस आहे, मी कुठे वृद्धाश्रमात येऊन बसणार? माझी जागा आहे इथे, माझी माणसं आहेत, तुझ्या मागोमाग कुठवर हिंडू मी?"

"नको येऊस मग," मिलोराद म्हणाला. "ऊठ आणि जा."

मला उठून त्याच्या थोबाडीत द्यायची होती. त्या म्हाताऱ्याच्या अंगात आता काही उरलं नव्हतं, बोटाने ढकललं असतं तरी तो कोलमडला असता. पण माझे हात अजून छातीशी बांधलेले होते, आणि मी अजून त्या खुर्चीतच होतो.